यादव मिस्तरीची सुतळी

चाळीसगावहून धुळ्याकडे निघालं की मेहुणबाऱ्याच्या पुढं, एस.टी. थांबेल न थांबेल अशा बेतानं, तामखेडे नावाचं गाव लागतं. फाट्यावर एक पत्र्याची शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. नुसता मोबाइल नंबर रंगवलेला आहे आणि त्यातला एक आकडा पावसानं खाल्लेला आहे. त्यानं काही अडत नाही. ज्याला यादव मिस्तरी हवा असतो तो फोन करत नाही, बायकोला घेऊन येतो. घेऊन आला नाही तर त्याला परत पाठवलं जातं.

यादव मिस्तरी सायकलचं कोळपं बनवतो. जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्याचा चिमटा, मागं दोन दांडे, त्यांना आडवी मूठ आणि खाली पोलादाची पास. पास म्हणजे मातीत दोन बोटं शिरून गवत मुळाशी कापणारं पातं. बैल नको, डिझेल नको, तणनाशकाचा फवारा नको. माणसानं मूठ धरायची आणि सरीतून पुढं लोटत जायचं. माणसानं म्हणजे बाईनं. खानदेशात कापूस पुरुषाच्या नावावर असतो, त्यातलं गवत बाईच्या.

असं कोळपं बनवणारे तालुक्यात आणखी चार-पाच जण आहेत आणि त्यांचीही कोळपी चालतात. मिस्तरीचं वेगळेपण एवढंच, की माप घेतल्याशिवाय तो लोखंडाला हात लावत नाही, आणि माप तो लोटणारीचं घेतो, विकत घेणाऱ्याचं नाही. हा नियम गावाच्या पचनी पडायला बरीच वर्षं लागली. रुपचंद नावाचा एक शेतकरी सुरुवातीला एकटाच आला होता. घाईत होता. मिस्तरी म्हणाला, "रुपचंदभाऊ, तुम्हनं माप लिसन मी काय करू? जी लोटस तिले धाडा."

"मिस्तरी," रुपचंद म्हणाला, "हाई कोयपं शे का पोलकं शे?"

"पोलकं तंग झायं ते उसवता येस. खांदा उसवता येस का?"

रुपचंद चिडून गेला, आणि चार दिवसांनी बायकोला मोटरसायकलवर बसवून परत आला. तेव्हापासून गावात कोळप्याला 'पोलकं' म्हणायची पद्धत पडली. मिस्तरीला त्याचा राग नव्हता. पोलकं म्हणजे निदान अंगाचा विचार करून केलेली वस्तू.

मापाची रीत ठरलेली होती. बाईनं चप्पल काढून, कामाच्या कपड्यात, जमिनीवर सरळ उभं राहायचं आणि हात कोपरात वाकवायचा. मिस्तरीची बायको पार्वताबाई सुतळीचं वरचं टोक कोपराशी धरायची. मिस्तरी खाली उकिडवा बसून दुसरं टोक मातीला टेकवायचा. त्याची नजर मातीवरच असायची. वर काय आहे ते पार्वताबाईनं सांगायचं. मग त्यातून चार बोटं वजा व्हायची. मग तो विचारायचा, रान काळं का बरड? काळ्या रानात पावसानंतर पाय दोन बोटं रुततो, म्हणून आणखी दोन बोटं वजा. तिथं सुतळीला गाठ. गाठीत त्या बाईच्या जुन्या लुगड्याची नाहीतर ड्रेसची चिंधी अडकवायची, म्हणजे कुणाची सुतळी ते कळावं. अशा सुतळ्या शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना लटकत होत्या. अडाणी माणसाला ते नवसाचं झाड वाटलं असतं. एखाद्या साहेबाला वाटलं असतं तर त्यानं फोटो काढला असता, आणि पुढं तसंच झालं.

कमलबाई नावाच्या म्हातारीच्या दोन सुतळ्या होत्या. एक साठीतली, एक सत्तरीतली. दुसरी पहिलीपेक्षा तीन बोटं तोकडी. म्हातारी दरसाल येऊन दोन्ही सुतळ्या शेजारी धरून बघायची आणि म्हणायची, एवढी मी जमिनीत गेले, बाकीची जायची आहे.

मिस्तरी जातीनं लोहार नव्हता. गावाच्या खालच्या अंगाला बुद्धविहाराजवळ त्याचं घर. वडील रोजगार हमीवर खडी फोडायचे. हजेरीपटावर त्यांचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, कारण मुकादमाला खाडाखोडीची सोय हवी असे. यादवनं आय.टी.आय.ला वेल्डिंग केलं आणि जळगावला एका कारखान्यात नऊ वर्षं शाळेची बाकं जोडली. एकच माप, पहिलीलाही तेच आणि दहावीलाही तेच. पहिलीच्या पोरांचे पाय लोंबकळायचे, दहावीच्यांचे गुडघे आपटायचे, आणि मालाबद्दल तक्रार नव्हती, कारण बाकं विकत घेणारे त्यांच्यावर बसत नव्हते. कारखाना बंद पडल्यावर तो गावी आला. बायकोसाठी चाळीसगावच्या बाजारातून तयार कोळपं आणलं. दोन दिवस ते लोटून तिसऱ्या दिवशी पार्वताबाईला स्वतःची वेणी घालता येईना. हात खांद्याच्या वर जाईना. मिस्तरीनं कोळप्याचे दांडे चार ठिकाणी कापून बघितले. पाचव्यांदा ती सरीच्या टोकापर्यंत जाऊन काही न बोलता परत आली. ती काही बोलली नाही यावरून त्यानं ओळखलं की माप जमलं. भिंतीवरची पहिली सुतळी तिची.

त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं बरी गेली. मग धुळ्याहून डिंपल मॅडम आल्या.

डिंपल मॅडम सव्वीस वर्षांच्या, शिरपूरकडच्या, एका संस्थेच्या क्षेत्र समन्वयक होत्या. संस्थेच्या प्रकल्पाच्या नावात 'अल्पभूधारक', 'शाश्वत' आणि 'तंत्रज्ञान' हे तिन्ही शब्द होते, त्यामुळं तो मंजूर झाला होता. मॅडमचा मात्र त्या शब्दांवर खरोखरच विश्वास होता. स्कूटीवरून उन्हातान्हात त्या चाळीस गावं फिरल्या. कुठं सौर वाळवणीयंत्र शेळ्या बांधायला वापरलेलं, कुठं गांडूळखताच्या टाकीत नवं सिमेंट साठवलेलं. अशी पाहणी करत करत त्या तामखेड्याला पोचल्या आणि कमलबाईच्या रानात सत्तरीची म्हातारी ताठ उभं राहून कोळपताना दिसली. मॅडम बांधावरच थांबल्या. त्यांनी ते कोळपं हातात घेतलं, चार पावलं लोटलं, आणि कोळपं त्यांना जमेना. म्हातारी म्हणाली, तुला कसं जमेल बाई, ते माझं आहे.

तिथून त्या शेडवर आल्या. सुतळ्यांच्या भिंतीचा फोटो काढला. दोन तास बसल्या. शेवटी म्हणाल्या, "काका, हे पाचशे बायकांपर्यंत न्यायचं. तुमच्या नावानं."

मिस्तरीला पाचशेचा आकडा मोठा वाटला, पण तो त्यावर अडला नाही. तो अडला नावावर. कोळप्यावर नाव येईल का, असं त्यानं दोनदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, पत्र्याची पट्टी येईल, ठोकलेली. पुसली जाणार नाही? नाही जाणार. त्या दिवशी त्यानं शेड लवकर बंद केली.

आता सरकार असो की संस्था, वस्तू वाटायची तर तिला प्रमाणपत्र लागतं. मॅडमनी अर्जात लहान, मध्यम, मोठं असे तीन आकार लिहिले होते. वरून उत्तर आलं, एक साधन, एक नमुना, एक प्रमाणपत्र. मॅडम फोनवर पुष्कळ भांडल्या आणि शेवटी मिस्तरीला चाचरत सांगितलं, की नमुना एकच द्यावा लागेल. मिस्तरीला त्यात काही वावगं दिसलं नाही. नमुना एकच असणार. एकच शीत चाचपून भात शिजला का बघतात, सगळा भात थोडाच चाचपतात. एकदा नमुना पास झाला की गावोगावच्या बायकांची मापं घ्यायची. त्यासाठी त्यानं चाळीसगावहून सुतळीचं अख्खं बंडल आणून ठेवलं. पाचशे मापांना किती सुतळी लागेल याचा हिशेब त्यानं पार्वताबाईला विचारून केला होता.

मग त्यानं त्याच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला. नमुन्याचं कोळपं लोटणार कोण?

मॅडमनी चौकशी केली. धुळ्याच्या तपासणी केंद्रात भूषण साहेब म्हणून अभियंते होते, चाचणी ते स्वतः घ्यायचे. स्वतः म्हणजे स्वतःच्या हातानं. त्यांच्याबद्दल ही गोष्ट आदरानं सांगितली जायची, की बाकीचे साहेब शिपायाला लोटायला लावतात, हे स्वतः घामाघूम होतात.

मिस्तरीनं सुतळी खिशात घातली आणि धुळ्याची गाडी पकडली. पार्वताबाई निंदणीला गेली होती, म्हणून एकटाच गेला. तिला सोबत न्यायला हवं होतं असं त्याला पुढं पुष्कळदा वाटलं, पण त्या वेळी पुरुषाचंच माप घ्यायचं होतं, वरचं टोक धरायला बाई कशाला?

भूषण साहेब सहा फूट एक इंच होते. कार्यालयात मिस्तरीनं त्यांना बूट काढायला सांगितलं तेव्हा टेबलांमागची माणसं फायली सोडून उठली. साहेब दिलदार होते. बूट काढले, मोजेही काढले, फरशीवर सरळ उभे राहिले. शिपायानं कोपराशी टोक धरलं, मिस्तरी खाली उकिडवा बसला. कुणीतरी म्हणालं, साहेब, सफारी शिवताय का? साहेब हसले आणि म्हणाले, पहिल्यांदाच कुणी यंत्र द्यायच्या आधी माणूस मोजतोय. मिस्तरीला ते बोलणं आवडलं. चार बोटं वजा केली. प्रक्षेत्राची माती काळी, आणि साहेबांचं वजन बघता पाय तीन बोटं रुतणार, म्हणून तीन बोटं वजा. गाठ मारली. चिंधीची पंचाईत झाली. साहेबांनी गळ्यातल्या ओळखपत्राच्या निळ्या फितीचा तुकडा कापून दिला.

गावी येऊन त्यानं आठ दिवस कोळप्यावर काम केलं. चाकाचे छर्रे नवे घातले, पास तीनदा पाजवली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कोळपं ते हेच, याबद्दल त्याच्या मनात आजही शंका नाही. दांडे जोडून उभं केलं तेव्हा पार्वताबाई पाणी घेऊन आली होती. मूठ तिच्या छातीच्या वर येत होती.

"हाई एवढं उंच कोनासाठे?"

"साहेबसाठे."

"साहेब निंदाले येस का?"

"जो लोटस त्यानं माप," मिस्तरी म्हणाला. हा त्याचाच नियम होता, आणि नियम पाळणाऱ्या माणसाला त्याच्याच नियमावरून बोल लावता येत नाही. पार्वताबाईनं तांब्या ठेवला आणि ती निंदायला गेली.

चाचणी उत्तम झाली. भूषण साहेबांनी तासभर न थांबता चार सऱ्या काढल्या. नाडी मोजली, घाम पुसला, तण मोजलं. अहवालात लिहिलं की चालकाला खांद्यावर वा कमरेवर कोणताही ताण जाणवत नाही, आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुठीची उंची एकशे सात सेंटीमीटर, प्रमाणित. सोबत आराखडा, शिक्का, सही. प्रमाणपत्राची प्रत मिस्तरीनं प्लॅस्टिकमध्ये घालून सुतळ्यांच्या भिंतीवरच लावली.

त्यानंतर पाच महिने काही घडलं नाही. मिस्तरी सुतळीच्या बंडलाला उंदीर लागू नये म्हणून ते वर टांगून वाट बघत होता. मॅडम आल्या की तो विचारायचा, मापं घ्यायला कधी निघायचं? त्या म्हणायच्या, काका, फाइल वर आहे. फाइल वर होती तिथं असं ठरलं, की पाचशे नगांचं काम पत्र्याच्या शेडला देता येत नाही. ते कुठल्याशा शहरातल्या मोठ्या फॅब्रिकेटरला गेलं. मॅडमनी एवढं मात्र भांडून मिळवलं, की पट्टीवर नाव यादव मिस्तरीचंच राहील. त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मिस्तरीनं उलट त्यांचीच समजूत घातली. नाव राहिलं ना, झालं तर. माल कुणी का जोडेना, मापं तर आपणच घेणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळीसगावच्या एका मंगल कार्यालयात वाटपाचा कार्यक्रम झाला. लग्नाची तिथी नव्हती म्हणून हॉल मिळाला. पाठीमागं बॅनर, त्यावर सुतळ्यांच्या भिंतीचा मोठा फोटो, खाली 'परंपरेतून शाश्वततेकडे'. मिस्तरीला व्यासपीठावर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. पार्वताबाई समोर तिसऱ्या रांगेत होती, तामखेड्याच्या बायकांमध्ये. एका बाजूला पाचशे कोळपी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभी केली होती. पोलीस भरतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी, सगळी एका उंचीची.

सगळी एका उंचीची, हे मिस्तरीला व्यासपीठावरून दिसलं. तो भाषण चालू असतानाच उठला, शाल सावरत खाली गेला, आणि पहिल्या कोळप्याशी उभा राहिला. मूठ त्याच्या छातीला लागली. खिशातून सुतळी काढून त्यानं मापलं. मग दुसरं मापलं, मग पाचवं, मग अगदी शेवटचं. फोटोग्राफरला वाटलं, हे कार्यक्रमातच आहे. त्यानं फोटो घेतले.

मॅडमला त्यानं बाजूला बोलावलं. हे साहेबांचं माप आहे, तो म्हणाला. माझ्या सुतळीचं आहे, निळ्या फितीच्या. मॅडमना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्या तिथंच खुर्चीवर बसल्या. त्यांनी तिथूनच दोन फोन केले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं. प्रमाणपत्र त्याच मापाला आहे. माप बदललं तर ते यंत्र वेगळं. वेगळ्या यंत्राला वेगळी चाचणी, आणि चाचणीचा हंगाम संपला आहे.

मिस्तरीला दोन शब्द बोलायला बोलावलं. त्याच्या हातात माईक आला तेव्हा पाठीमागं त्याच्याच भिंतीचा फोटो होता. तो एवढंच म्हणाला, "बायांनो, याचे दांडे कापावे लागतील." सभागृह हसलं. अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, खरा संशोधक आपल्या कामावर कधीच समाधानी नसतो. मग टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत एक बाई टाळ्या वाजवत नव्हती, ती पार्वताबाई.

जुलैत पाऊस चांगला झाला आणि गवत त्याहून चांगलं झालं. बायकांनी कोळपी काढली. पाच फुटांच्या आतल्या बाईनं छातीएवढी मूठ लोटायची म्हणजे दोन्ही कोपरं पंखासारखी वर उचलून धरायची. कोंबडी उडायला बघते तशा बाया कपाशीत दिसू लागल्या. दोन दिवसांत खांदे गेले. चाळीस गावांत पाचशे घरी रात्री झेंडू बामचा वास येऊ लागला आणि प्रत्येक घरी एकच नाव निघू लागलं, कारण ते पत्र्यावर ठोकलेलं होतं, पुसलं जाणारं नव्हतं. एका गावात म्हणे सासू सुनेला धाक घालायची, भाकरी नीट कर, नाहीतर यादव मिस्तरी धरायला देईन.

तामखेड्यात कमलबाई कोळपं ढकलत शेडवर आली. तिचं जुनं, दुसऱ्या सुतळीचं कोळपं तिच्या लेकानं भंगारात घातलं होतं. नवं फुकट आलं तर जुनं कशाला ठेवायचं? म्हातारीनं पट्टीवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण कुठं काय लिहिलंय ते तिला कुणी सांगितलं असावं.

"यादव, आठे तुनं नाव शे ना?"

"शे, अक्का."

"मंग मना खांदा काबरं दुखस?"

मिस्तरी उठला. खिळ्यावरची तिची सुतळी काढली, दांड्याला लावली, खडूनं खूण केली आणि करवत घेतली. त्या आठवड्यात कमलबाई धरून गावातल्या अकरा बाया आल्या. अकरांचीही सुतळी भिंतीवर होतीच, जुनी कोळपी मात्र कमलबाईच्यासारखीच भंगारात गेली होती. त्यानं अकरा कोळपी कापली, मूठ खाली आणून जोडली, आणि कापलेले तुकडे त्या त्या बाईच्या खिळ्याला, तिच्या चिंधीखाली अडकवून ठेवले. लोखंड फेकायची त्याला सवय नव्हती. त्या अकराजणींची निंदणी वेळेत झाली. आसपासच्या गावांतूनही बाया विचारू लागल्या. मिस्तरीनं वर टांगलेलं सुतळीचं बंडल खाली काढलं. या दिवसांत तो पुष्कळ वर्षांनी काम करताना गुणगुणत होता, असं पार्वताबाई सांगते.

सप्टेंबरात तपासणी आली. वाटलेलं साधन लाभार्थ्याकडं आहे ना, वापरात आहे ना, याचा फोटो जागेच्या नोंदीसकट काढायचा असतो. जीपमधून तिघं उतरले, त्यात भूषण साहेब होते. मिस्तरीला बघून ते मनापासून आनंदले. मग कमलबाईचं कोळपं बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. दांडे कापलेले. पुढच्या घरीही कापलेले. अकरा घरी कापलेले.

मिस्तरीनं समजावायचा प्रयत्न केला. सुतळ्या दाखवल्या, निळ्या फितीची सुद्धा दाखवली. साहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त हे खरं वाटत नव्हतं. कुणाच्या तरी घरचं न कापलेलं कोळपं मागवलं, बूट काढले, पँट दुमडली आणि कमलबाईच्या कपाशीत शिरले. सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वळून परत आले. कोळपं लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. मागं गवत कापून पडलेलं. साहेबांना धापही लागली नव्हती.

"बघा," ते म्हणाले, "कुठं ताण आहे? तुमची धरायची पद्धत चुकते, मावशी."

बांधावर बाया उभ्या होत्या. कमलबाई म्हणाली, "साहेब, तुम्हले भलतं चांगलं जमस. उद्या बी या. दोन एकर बाकी शे."

साहेब हसले. जीपमधल्या दुसऱ्यानं त्यांचा कोळपतानाचा फोटो काढला होता. प्रकल्पाच्या अहवालात तोच छापला गेला. साधन समाधानकारकरीत्या कार्यरत, असं त्याखाली होतं.

पंधरा दिवसांनी नोटिसा आल्या. प्रमाणित साधनात अनधिकृत फेरफार. आठ दिवसांत साधन मूळ स्थितीत न आणल्यास अनुदान वसूल होईल आणि पुढं कोणत्याही योजनेचा लाभ मिळणार नाही. कोणत्याही योजनेचा, या शब्दांवर घराघरांतल्या पुरुषांचे डोळे थांबले. ठिबक होतं, विहीर होती, घरकुल होतं. एक नोटीस यादव मिस्तरीच्या नावानंही होती. यादव मिस्तरीनं बनवलेल्या साधनाशी यादव मिस्तरीनं छेडछाड केली होती. डिंपल मॅडम ती बघून रडल्या आणि त्यांनी मोठं पत्र लिहिलं. पत्राला उत्तर आलं नाही. प्रकल्पाचा काळ संपल्यानं त्यांची नेमणूक मात्र संपली.

आठव्या दिवशी सकाळी अकरा कोळपी शेडपुढं रांगेत उभी होती. या वेळी बाया आल्या नव्हत्या, त्यांचे नवरे घेऊन आले होते, आणि मिस्तरीनं कुणाला परत पाठवलं नाही. रुपचंद सगळ्यात पुढं होता. तो नजर चुकवत म्हणाला, संध्याकाळपर्यंत झालं म्हणजे बरं. बायको? ती आता विळा घेऊन बसून निंदते, जशी तिची आई निंदायची. काहीजण यंदा तणनाशकच मारणार होते. फवारा एकदा मारला की खांद्याचा प्रश्न येत नाही. कोळपं तपासणीसाठी भिंतीला टांगून ठेवायचं, तीन वर्षं. मिस्तरीकडं नवं, मापाचं बनवून घ्यायचं कुणाच्या बोलण्यात आलं नाही. घरात एक आहे ना.

तुकडे भिंतीवर होतेच. हिरवी चिंधी, फुलाफुलांची, जरीच्या काठाची. कुठला तुकडा कुठल्या कोळप्याचा हे त्याला विचारावं लागत नव्हतं. कापलेल्या जागी तुकडा धरायचा, सरळ आहे का बघायचं, वेल्डिंगचा टाका मारायचा, वर रंगाचा हात. दुपारपर्यंत दहा झाली. प्रत्येक कोळपं जोडून उभं केलं की ते पुन्हा एकशे सात भरायचं, आणि सवयीनं तो तेही मापून बघायचा.

पार्वताबाई जेवणाचं फडकं घेऊन आली. तिनं रांगेकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. भिंतीवर आता नुसत्या सुतळ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध सगळ्यात लांब, निळ्या फितीची.

"ती साहेबनी दोरी आते तरी काढी टाका."

मिस्तरी कमलबाईचा दांडा हातात धरून बसला होता. तो म्हणाला, "माप खरं शे तिनं."

"मंग आम्हनं खोटं व्हतं का?"

तिनं हे भांडण्यासाठी विचारलं नव्हतं. पंधरा वर्षं प्रत्येक बाईच्या सुतळीचं वरचं टोक तिनं धरलं होतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं फडकं सोडून भाकरी त्याच्यापुढं ठेवली. मिस्तरीनं भाकरीकडं बघितलं नाही. कमलबाईचा तुकडा दांड्याला लावला, डोळा बारीक करून सरळ धरला, आणि वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घेतली.